साखर लॉबी शोधायची तर पायाभूत उताऱ्यात शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाळप हंगाम जवळ आला की वर्तमानपत्रांत ‘साखर लॉबी’ हा शब्द हमखास येतो. लॉबीने दर पाडला, लॉबीने निर्यात उघडून घेतली, लॉबीपुढे सरकार झुकले. शब्द खोटा नाही, पण तो धुक्यासारखा आहे. कोणी, कोणत्या कागदावर, कोणती ओळ बदलून घेतली हे त्यातून कळत नाही, आणि ते कळत नाही तोवर त्या रागाचा ऊस उत्पादकाला काडीचा उपयोग नाही. ती ओळ कशी शोधायची, एवढ्यासाठीच हे पत्र.

हितसंबंधी गटांनी सरकारकडे आपले म्हणणे मांडणे यात बेकायदा काही नाही. उसाच्या बाबतीत तर कायद्यानेच त्यांना बसायला पाट दिला आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ च्या खंड ३(१) नुसार केंद्र सरकार उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवते ते ‘योग्य वाटतील अशा प्राधिकरणांशी, संस्थांशी किंवा संघटनांशी’ सल्लामसलत करून. कृषिमूल्य आयोग शिफारस करण्यापूर्वी राज्ये, कारखान्यांच्या संघटना आणि शेतकरी प्रतिनिधी यांच्याशी बोलतो. दर ठरवताना काय पाहायचे तेही आदेशात लिहिले आहे: उत्पादन खर्च, पर्यायी पिकातून मिळणारे उत्पन्न, ग्राहकाला रास्त भावात साखर, साखरेचा उतारा (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते ते प्रमाण), मळी, बगॅस (उसाचे चिपाड) व प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) यांचे उत्पन्न, आणि जोखमीबद्दलचा नफा. यादी चांगली आहे. गोम आहे ती या यादीतल्या शब्दांचा अर्थ कोण लावतो यात.

सगळ्यात मोठा खेळ होतो तो ‘पायाभूत उतारा’ या दोन शब्दांत, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

एफआरपी हा एकच आकडा नसतो. अमुक टक्के उताऱ्याला (हा पाया) अमुक दर, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ठरावीक वाढ, असे ते सूत्र आहे. २००९ मध्ये ही पद्धत आली. तेव्हा पाया ९.५ टक्के होता, २०१८-१९ मध्ये तो १० टक्के झाला आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. २०१८ च्या जुलैत घोषणा झाली की एफआरपी क्विंटलला २५५ वरून २७५ रुपये, म्हणजे २० रुपयांची वाढ. बातम्यांचे मथळेही तेच होते. आता हिशेब करू. २०१७-१८ चे २५५ रुपये ९.५ टक्क्यांना होते आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २.६८ रुपये. म्हणजे १० टक्के उताऱ्याच्या कारखान्याला जुन्या सूत्रानेच २६८.४० रुपये द्यावे लागत होते. नव्या सूत्राने २७५. खरी वाढ ६.६० रुपये. १२ टक्के उताऱ्याला जुने ३२२, नवे ३३०, वाढ ८ रुपये. ९.५ टक्क्यांच्या कारखान्यात ६.२५. वीस रुपये कोणत्याच शेतकऱ्याच्या पट्टीवर (उसाच्या बिलावर) आले नाहीत.

२०२२ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला. २९० वरून ३०५, घोषणेत १५ रुपये. पण पाया १० वरून १०.२५ वर सरकला. १०.२५ टक्के उताऱ्याला जुन्या सूत्राने २९७.२५ रुपये मिळतच होते, म्हणजे वाढ ७.७५. बारा टक्क्यांना सुमारे १०.४०. उरलेली रक्कम गेली कुठे? कुठेच नाही, ती कधी नव्हतीच.

पाया वर नेण्याचे कारण आयोगाने दिले ते वरवर पटण्यासारखे आहे: देशाचा सरासरी उतारा वाढला. पण तो वाढण्यात मोठा वाटा होता उत्तर प्रदेशातल्या को-०२३८ या वाणाचा. आणि उत्तर प्रदेशातला शेतकरी एफआरपीवर ऊस विकतच नाही. तिथे राज्य सरकार स्वतःचा राज्य सल्लागार दर जाहीर करते, तसेच पंजाबात, हरियाणात, उत्तराखंडात. म्हणजे ज्या राज्यामुळे सरासरी वर गेली, त्याच्या दराला पायाभूत उताऱ्याचा धक्का नाही. धक्का बसला तो एफआरपीवर चालणाऱ्या महाराष्ट्र आणि कर्नाटकाला. पुढे को-०२३८ वर रेड रॉट हा रोग पडला, तिकडचा उतारा घसरला. पाया मात्र खाली आला नाही. वर जाताना ‘सरासरी’ लागते, खाली येताना ती आठवत नाही.

याला विरोध करणारे निवेदन कोणी, कधी दिले? शेतकरी संघटनांनी रस्त्यावर मागणी केली ती दराच्या आकड्याची. कारखानदारांच्या संघटना मात्र आयोगापुढे उतारा, रूपांतर खर्च आणि साखरेच्या किमतीचे तक्ते घेऊन बसतात. त्यांच्याकडे पगारी सांख्यिकी आहेत, दिल्लीत कार्यालये आहेत, प्रत्येक मसुद्यावर मुदतीत टिपण जाते. यात कटकारस्थान काही नाही, ही तयारी आहे. आंदोलनाचा जोर दराच्या आकड्यावर आणि अभ्यासाचा जोर उताऱ्याच्या आकड्यावर, असे वर्षानुवर्षे चालले की निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी ओळ: उतारा कोणत्या वर्षाचा? खंड ३(३) म्हणतो की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, आणि ३(३अ) म्हणतो की उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे. १४ दिवसांत पैसे द्यायचे तर चालू हंगामाचा अंतिम उतारा हाती नसतो, म्हणून मागच्या हंगामाचा धरला जाई. कारखान्यांचे म्हणणे असे की मागचा उतारा जास्त आणि यंदाचा कमी निघाला तर तोटा आमच्या माथी. हे म्हणणे अगदीच गैर नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी जो शासन निर्णय काढला त्यात पहिला हप्ता पुणे व नाशिक महसूल विभागांसाठी १० टक्के उताऱ्यावर, इतर विभागांसाठी ९.५ टक्क्यांवर, आणि उरलेली रक्कम हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्यानुसार, असे ठरले.

याचा अर्थ रुपयांत काय होतो? २०२२-२३ चे सूत्र घेऊ. १२ टक्के उताऱ्याच्या कारखान्याची एफआरपी क्विंटलला ३५८.३७ रुपये. १० टक्क्यांवर ती २९७.३७. फरक ६१ रुपये, म्हणजे टनाला ६१० रुपये. नोव्हेंबरात १०० टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याचे ६१ हजार रुपये मार्चअखेरपर्यंत कारखान्याकडे बिनव्याजी राहतात. चार महिन्यांचे १५ टक्क्यांनी व्याज ३,०५० रुपये. एका शेतकऱ्यामागे रक्कम किरकोळ वाटते. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला मात्र हंगामभर फिरवायला मिळणारी ही रक्कम थेट ६१ कोटींपर्यंत जाते. बँकेच्या कर्जापेक्षा हे स्वस्त. जिथे शेजारच्या कारखान्याची स्पर्धा आणि संघटनांचा दबाव होता तिथे एकरकमी देणारे कारखानेही निघाले, जिथे नव्हता तिथे शासन निर्णय हाच आधार झाला.

माजी खासदार राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी हा शासन निर्णय रद्द केला. केंद्राने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेल्या आदेशाचा अर्थ राज्याला असा फिरवता येत नाही, हा त्यातला मुद्दा. तीन वर्षे लागली. तीन हंगाम त्या निर्णयावर निघून गेले, हे विसरू नये. हितसंबंधी गटाला अनेकदा निर्णय कायमचा टिकायलाच नको असतो. निकाल लागेपर्यंत टिकला तरी भागते.

हप्त्यांच्या बाजूने नेहमी ‘गुजरात पॅटर्न’चा दाखला दिला जातो. दक्षिण गुजरातेतले सहकारी कारखाने तीन हप्त्यांत पैसे देतात, हे खरे. पण तिथला अंतिम दर किती असतो, हे त्याच निवेदनात सहसा नसते. दाखला अर्धा द्यायचा नसतो.

इथेच एक व्यवहारातली गोष्ट. खंड ३(३) मधल्या १४ दिवसांच्या आधी ‘उभय पक्षांत लेखी करार नसेल तर’ असे शब्द आहेत. त्या शब्दांच्या आधारावर ऊस नोंदणीच्या फॉर्ममध्येच हप्त्यांना संमती देणारे कलम छापले जाते. लागणीची नोंद करायला आलेल्या कारखान्याच्या माणसाकडून फॉर्म घेताना शेतकरी गट नंबर, लागणीची तारीख आणि वाण एवढेच पाहतो. मागच्या पानावरची बारीक अक्षरे वाचा. नको असलेले कलम खोडून सही करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नोंद नाकारली तर ती नकाराची पोच मागा. उच्च न्यायालयाचा निकाल हातात असूनही अशा एका सहीने तो निष्प्रभ होऊ शकतो.

तिसरी ओळ इथेनॉलची. उसाचा रस किंवा बी-हेवी मळी (सगळी साखर न काढता बाजूला काढलेली मळी) इथेनॉलकडे वळवली की साखर कमी निघते आणि कागदावर उतारा घटतो. बी-हेवीत ही घट दीड टक्क्याच्या आसपास असते. २०२५-२६ साठी एफआरपी १०.२५ टक्क्यांना ३५५ रुपये आणि पुढे दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये आहे. म्हणजे दीड टक्का उतारा दिसेनासा झाला तर क्विंटलला ५१.९०, टनाला ५१९ रुपये. म्हणून वळवलेल्या साखरेइतका उतारा परत मिळवून धरावा लागतो आणि त्यासाठी तांत्रिक संस्थेचा दाखला लागतो. दाखला कोणत्या दिवसांच्या नमुन्यांवर दिला, रस किती टन वळवला आणि बी-हेवी किती, हे पट्टीवर येत नाही. ते वार्षिक सभेत विचारावे. सभासदाला अहवालाची प्रत मागता येते.

आता बाकीचे भराभर. थकबाकी राहिली तर साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र, ज्याला सगळे आरआरसी म्हणतात, काढतात आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करायचे. ऐकायला दणदणीत. प्रत्यक्षात गोदामातली साखर बँकेकडे माल तारण असते, यंत्रसामग्रीवर आधीच बोजा असतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती लिलावाला मोकळे असे फार थोडे उरते. बँक साखरेचे मूल्यांकन करते, त्याच्या ८५-९० टक्के उचल देते, त्यातून आधीची कर्जे आणि प्रक्रिया खर्च वळता करते आणि मग शेतकऱ्याची पहिली उचल ठरते. बाजारभाव पडला की शॉर्ट मार्जिन, म्हणजे तारण साखरेची किंमत उचलीला अपुरी. म्हणून कारखाने साखरेच्या किमान विक्री दरासाठी एवढे झटतात. हा दर जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये होता, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला आणि त्यानंतर सहा हंगाम तिथेच राहिला, तर एफआरपी याच काळात २७५ वरून ३४० वर गेली. या तक्रारीत तथ्य आहे हे मान्य करायला हवे. किमान दर वाढू नये असे वाटणाऱ्यांत घरात पाव किलो साखर आणणाऱ्या गृहिणीचे नाव पुढे केले जाते, पण देशातली निम्म्याहून जास्त साखर शीतपेये, मिठाई, बिस्किटे यांसारख्या उद्योगांत जाते. त्यांचीही लॉबी आहे. तिला कोणी साखर लॉबी म्हणत नाही, एवढेच.

लॉबीचा जोर मोजायचा असेल तर डिसेंबर २०२३ पाहावा. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, साखर उत्पादनाचे अंदाज खाली आले होते आणि लोकसभा निवडणूक तोंडावर होती. ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. कारखान्यांनी आसवन्यांवर (इथेनॉल प्रकल्पांवर) कर्जे काढली होती, रस टाक्यांत होता. १५ डिसेंबरला निर्णय बदलला आणि १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस व बी-हेवी दोन्हींना परवानगी मिळाली. आठ दिवस. ऊस दराच्या कोणत्याही तक्रारीवर केंद्राने आठ दिवसांत आदेश फिरवल्याचे उदाहरण मला तरी माहीत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. उसावरचे इथेनॉल आक्रसले तशी मक्यावरच्या इथेनॉलला मागणी आली, मक्याचे भाव चढले आणि कुक्कुटपालन उद्योग शुल्कमुक्त मका आयातीची मागणी घेऊन दिल्लीत पोचला. एका लॉबीचे उत्पन्न ते दुसऱ्या लॉबीचा खर्च.

शिफारशींचे काय होते हेही बघण्यासारखे. रंगराजन समितीने ऑक्टोबर २०१२ मध्ये एकत्रित आराखडा दिला होता: लेव्ही साखर (सरकारला सक्तीने स्वस्तात द्यायची साखर) बंद, मासिक कोटा (दरमहा किती साखर विकायची याची मर्यादा) बंद, आणि त्याच वेळी कारखान्यांमधल्या अंतराची अट रद्द, ऊस क्षेत्राचे आरक्षण (अमुक भागाचा ऊस अमुक कारखान्यालाच) टप्प्याटप्प्याने बंद, शेतकऱ्याला साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा. एप्रिल २०१३ मध्ये पहिल्या दोन गोष्टी झाल्या. या कारखान्यांना हव्या होत्या. अंतराची अट राज्यांवर सोपवली गेली. केंद्राच्या आदेशात ती १५ किलोमीटर आहे, महाराष्ट्राने २५ केली. जवळपास दुसरा कारखाना उभा राहू शकत नाही म्हटल्यावर शेतकऱ्याची घासाघीस करण्याची ताकद किती उरते, हे कोणीही सांगेल. मासिक कोटा मात्र २०१८ मध्ये दुसऱ्या नावाने परत आला, कारण भाव पडल्यावर तोच उद्योगाला हवासा झाला. जेवणाच्या ताटातून हवे ते उचलले, नको ते बाजूला सारले. महाराष्ट्राने महसूल वाटणीसाठी २०१३ चा कायदा केला, ऊस दर नियंत्रण मंडळ नेमले, हे श्रेय द्यायला हवे. पण मंडळाचे काम हिशेब तपासून होईपर्यंत पुढचा हंगाम संपत आलेला असतो.

शेतकरी संघटना हाही हितसंबंधी गटच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग रोखून राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मागच्या हंगामाचे जादा पैसे पदरात पाडून घेतले: तीन हजारांच्या आत दर दिलेल्या कारखान्यांनी टनाला १०० रुपये, त्यापेक्षा जास्त दिलेल्यांनी ५०. हा मार्ग परिणामकारक आहे, पण महाग आहे. तो फक्त तिथेच चालतो जिथे महामार्ग आहे, कारखान्यांची दाटी आहे आणि संघटनेची बांधणी आहे. मराठवाड्यातल्या एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात अडकलेल्या शेतकऱ्याला तो उपलब्ध नाही.

आणि लॉबिंगने शेतकऱ्याचे भले होतच नाही असेही नाही. सहकारी कारखान्यांनी किमान दरापेक्षा जास्त दिलेला ऊस दर हा खर्च नसून नफ्याचे वाटप आहे, असे म्हणत आयकर खात्याने वर्षानुवर्षे नोटिसा काढल्या. सहकारी साखर संघांनी हे प्रकरण दशकानुदशके लावून धरले. २०१६-१७ च्या आकारणी वर्षापासून पुढचा प्रश्न सुटला आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याआधीच्या वर्षांचाही. सुमारे १० हजार कोटींचा दिलासा, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. ही मागणी फेटाळली गेली असती तर जास्त दर देणारा कारखाना शिक्षेला पात्र ठरला असता. चिकाटी, आकडे आणि योग्य दार, तिन्ही असले की काय होते याचा हा नमुना.

या सगळ्यात ज्याला एकही दार नाही तो ऊसतोड मजूर. त्याचा दर कोणत्याही केंद्रीय आदेशात नाही. तो साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्या वाटाघाटीत, बहुतेक वेळा लवादाच्या बैठकीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचे कमिशन एक टक्क्याने वाढले. वाढ थोडी नाही. पण हा करार आहे, कायदा नव्हे; मोडला तर आयुक्तांची आरआरसी निघत नाही. मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, तो मुकादमाची उचल घेऊन आलेला ‘कोयता’ असतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. म्हणजे मोजमापाच्या एककातच बाईची वेगळी नोंद नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वर आला की डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कल्याण महामंडळ झाले, त्यासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाकडून असे ठरले. पण एफआरपी ठरवताना ज्या संघटनांशी सल्लामसलत होते त्यांत तोडणी मजुरांची एखादी असावी, अशी मागणी शेतकरी संघटनांनीही कधी जोरात केलेली नाही. कारण उघड आहे: एफआरपी ही कारखान्याच्या गेटवरची किंमत, तिच्यातूनच तोडणी-वाहतूक वजा होते, म्हणजे मजुराची वाढ शेतकऱ्याच्या पट्टीतून जाते. या तिढ्यावर बोलायला कोणी तयार नाही, माझ्या ओळखीतले पुढारीही नाहीत.

आता हाताने करण्यासारखे काही.

राज्य शासनाचा कोणताही शासन निर्णय घ्या. प्रस्तावनेच्या वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ असा मथळा असतो आणि खाली आधीचे आदेश, बैठकींची इतिवृत्ते, पत्रे क्रमाने लिहिलेली असतात. कोणाच्या निवेदनावरून फाइल हलली याचा माग तिथे लागतो. निवेदनाची तारीख आणि निर्णयाची तारीख यांतले दिवस मोजा. ‘वाचा’मध्ये फक्त शासनाचेच संदर्भ असतील तर समजा की निवेदन फाइलच्या आत आहे, आणि ते माहिती अधिकारात मागता येते.

अर्ज करताना नेहमी होणारी चूक म्हणजे ‘हा निर्णय का घेतला?’ असे विचारणे. ‘का’ला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नाही. अभिलेख मागा: अमुक संकेतांकाच्या शासन निर्णयाच्या नस्तीतील (फाइलमधील) टिपणी भाग, पत्रव्यवहार भाग, प्राप्त निवेदनांच्या प्रती आणि बैठकीचे इतिवृत्त व उपस्थितांची यादी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. धोरणाची नस्ती मंत्रालयातल्या सहकार विभागात असते, अंमलबजावणीची पुण्याच्या साखर संकुलात, म्हणजे साखर आयुक्तालयात. चुकीच्या दारात अर्ज गेला तर महिना वाया जातो. अर्ज कारखान्याकडे करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलाप्पलम निकालानंतर सहकारी संस्था आपोआप ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. आयुक्तालयाला जी माहिती कायद्याने घेता येते ती आयुक्तालयाकडूनच मागावी. मंत्रिमंडळाची टिपणी म्हणून नकार आला तर कलम ८(१)(झ) नीट वाचा: निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर ते कागद खुले होतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. प्रत्यक्ष नस्ती पाहायला मागणे सर्वांत स्वस्त, पहिला तास मोफत असतो.

मसुद्यावर हरकत पाठवायची तर तिचेही तंत्र आहे. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या साखर नियंत्रण आदेशाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला आणि मे २०२५ मध्ये अंतिम आदेश काढला, त्यात दिवसाला ५०० टनांहून जास्त गाळप करणाऱ्या खांडसरीही (पारंपरिक पद्धतीने साखर करणारे छोटे कारखाने) आल्या. असे मसुदे इंग्रजीत, मंत्रालयाच्या संकेतस्थळाच्या एखाद्या कोपऱ्यात, साधारण महिनाभर असतात. केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधान सल्लामसलत धोरणात किमान ३० दिवस सांगितले आहेत, पण ते धोरण आहे, न पाळल्यास शिक्षा नाही. ‘शेतकऱ्यावर अन्याय होत आहे’ असे लिहिलेली शंभर पत्रे एका ओळीत सारांशून निकाली निघतात. त्याऐवजी खंड क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द आणि त्याने टनामागे किती रुपयांचा फरक पडतो, एवढ्या चार गोष्टी एका पानावर द्या. ईमेल करा आणि टपालानेही पाठवून पोच ठेवा.

शासनाकडे माझ्या मागण्या तीनच आहेत. लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो १९९५ चा आहे, पण आपण त्याची वाट पाहत बसू नये. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) आजही सांगते की लोकांवर परिणाम करणारे धोरण ठरवताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी. तर प्रत्येक ऊस-साखरविषयक शासन निर्णयासोबत आलेल्या निवेदनांची यादी, देणाऱ्याचे नाव आणि तारखेसह, जोडावी. हंगामाची तारीख ठरवणाऱ्या मंत्री समितीत बसताना ज्यांचा स्वतःचा वा कुटुंबाचा कारखाना आहे त्या मंत्र्यांनी तसे इतिवृत्तात नोंदवावे. उठून जा असे म्हणत नाही, नुसते नोंदवा. आणि एफआरपीची घोषणा करताना केंद्राने मागच्या वर्षाच्या पायावरची तुलना सोबत छापावी. म्हणजे वीस रुपयांच्या घोषणेतले सहा रुपये साठ पैसे शेतकऱ्याला त्याच दिवशी दिसतील, आणि वर्तमानपत्रालाही मथळा बरोबर देता येईल.

आपला,
एक वाचक,
कराड (जि. सातारा)